मुठीतला दात

दोन वर्षं गुरुदास भाताच्या पोत्यावर कोपर मारत होता.

कुंभारवाड्याच्या घरात, जिथे पुढच्या पेरणीचं बियाणं ठेवत, तिथे त्याने एक पोतं भिंतीला टेकवून उभं केलं होतं आणि त्यावर कोळशाने दोन रेघा ओढल्या होत्या. वरची रेघ त्याच्या स्वतःच्या हनुवटीपेक्षा दोन बोटं उंच होती, कारण रामनगरचा योगेश त्याच्यापेक्षा तेवढाच उंच होता. खालची रेघ कमरेपाशी होती. चढाई करून परतताना मध्यरेषेकडे झेप घेणारा माणूस तेवढा खाली येतो. नदीवरचं काम आटोपून आल्यावर तो पायातल्या चपला काढायचा, पोत्यासमोर उभा राहायचा आणि उजव्या कोपराने आधी वरची रेघ मारायचा, मग खालची.

"त्या पोत्यानं तुजं काय खाल्लंय रे?" चुलीपाशी बसलेली त्याची आई फुला विचारायची.

"कबड्डीचा सराव, आये."

"कबड्डी हातानं धरून खेळत्यात. ह्ये असलं मारणं म्या न्हाई बघितलं कुटं."

गुरुदास उत्तर द्यायचा नाही. बोलताना ओठ मिटून घ्यायची सवय त्याला या दोन वर्षांतच लागली होती. वरच्या ओळीतला, समोरचा, उजवीकडचा दात तिथे नव्हता. त्या जागी गुलाबी प्लास्टिकच्या पट्टीला चिकटवलेला एक दात तो दिवसा बसवायचा आणि जेवताना व झोपताना काढून ठेवायचा.

तो दात गेला गणेशगुडीच्या मैदानावर. भातकापणी आणि मळणी उरकल्यावर तिथल्या शाळेच्या पटांगणात दर वर्षी कबड्डीचे सामने भरतात. डोंगरातल्या वाड्या टेम्पो करून येतात, रामनगरचा संघ जीप घेऊन येतो. दोन वर्षांपूर्वीच्या उपांत्य सामन्यात योगेश चढाईला आला होता आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या गुरुदासने त्याचा घोटा धरला होता. बाकीचे अंगावर पडले. योगेश बाद झाला, पंचाची शिट्टी वाजली. शिट्टी वाजली की सगळे सैल पडतात, धरणाराही आणि धरला गेलेलाही. त्या सैलपणात, उठता उठता, योगेशने कोपर मागे फेकलं.

गुरुदासला आधी दुखलं नाही. तोंडात काहीतरी कमी झाल्याचं तेवढं जाणवलं. मग मातीत पडलेला दात दिसला, मुळासकट, सबंध. पंच तोवर पाठ वळवून गुण मांडायला गेला होता. योगेशने तो दात पाहिला, हाताची माती झटकली आणि आपल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कौलावर टाक जा. कुणब्याला नवा येतोय म्हनं."

रामनगरची बाजू हसली. ते हसणं गुरुदासला तोंडपाठ होतं. कोण आधी हसलं, कोणाचं हसणं उशिरा थांबलं, हे सगळं त्याला पोत्यासमोर उभं राहिल्यावर ऐकू यायचं.

त्याहून वाईट होतं ते पुढचं, आणि ते त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. मैदानाच्या कडेला फुला टोपलीत करांदे, कणगी असे उकडून खायचे कंद मांडून विकायला बसली होती. लेकाचं रक्त पाहून ती धावत आली. तिने पदराने त्याचं तोंड दाबलं, मातीतला दात उचलला, पलीकडच्या म्हशीचं ओलं शेण हातात घेतलं आणि त्या गोळ्यात दात खुपसून तो शाळेच्या कौलांवर फेकला. "जुना घे, नवा दे," असंही ती पुटपुटली. घरातल्या प्रत्येक पोराचा दुधाचा दात तिने असाच टाकला होता. त्या घाबरलेल्या क्षणी पडलेला दात दुधाचा नाही, पोर बावीस वर्षांचं आहे, हे तिच्या हातांच्या लक्षात आलं नाही. ते ठाऊक असलेलं काम करून मोकळे झाले.

चौथ्या दिवशी सूज उतरेना म्हणून गुरुदास दांडेलीला दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर सुमंगला मूळच्या धारवाडकडच्या. मराठी बोलताना त्या क्रियापदं चुकवत, पण आपल्या विषयात कधी चुकत नसत. त्यांनी हिरडी तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "दात कुठं आहे?"

"टाकला."

"सबंध होता? मूळ होती?"

"व्हय."

त्यांनी हातातलं उपकरण खाली ठेवलं. "पुढच्या वेळी कोणाचा पडला तर लक्षात ठेव. पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला बोट लावायचा नाही. घासायचा नाही. थंड दुधात घालायचा आणि एक तासाच्या आत माझ्याकडे आणायचा. मी परत बसवते. कोरडा राहिला तर मूळ मरते. अर्धा तास पुष्कळ झाला." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्या थांबल्या. "कोणी सांगितलं नसेल. कोण सांगणार?"

एक तास. त्या दिवशी जीप होती, रस्ता पाऊण तासाचा होता, मैदानाशेजारच्या म्हादूच्या चहाच्या टपरीवर दूध होतं. घरी आल्यावर फुलाने विचारलं, "काय म्हनली डाक्तरीण?" तो म्हणाला, "हिरडी बरी हुईल." त्यापुढे त्याने एक शब्द काढला नाही. आईच्या हाताकडे बोट दाखवणं त्याला शक्य नव्हतं. पण कुणीतरी त्या तासाचा जबाब द्यायला हवा होता. कोपराचा राग योगेशवर होताच, त्यावर त्याने हाही राग चढवला आणि तो वाहत राहिला.

राग वाढायला कारणं रोज मिळत होती. काळी नदीवर पर्यटकांना रबरी होडीतून प्रवाहात नेण्याचं काम तो करायचा. होडीच्या मागच्या टोकावर बसून हुकूम द्यावे लागतात. प्लास्टिकचा दात पाण्यात सुटून घशात जाऊ शकतो म्हणून नदीवर तो बसवायची परवानगी नव्हती, आणि दाताशिवाय 'स्टॉप' म्हटलं की आधी शिट्टी वाजे. एका होडीतले सगळे पाहुणे त्याची नक्कल करत खाली उतरले. मालकाने त्याला समजुतीने बाजूला घेतलं आणि हवा भरायच्या, होड्या उचलून ट्रकवर चढवायच्या कामाला लावलं. हुकूम आता दुसरा मुलगा देतो. किनाऱ्यावर उभं राहून गुरुदास तो ऐकायचा आणि घरी येऊन पोत्याची खालची रेघ मारायचा.

यंदाच्या सामन्यांना तो शांतपणे गेला. टेम्पोतून उतरल्यावर त्याने प्लास्टिकचा दात काढला, छोट्या डबीत घातला आणि डबी आईकडे दिली. फुलाने ती कनवटीला खोचली आणि टोपली घेऊन नेहमीच्या जागी, वडाच्या पारावर जाऊन बसली. तिथून सगळं मैदान खाली दिसतं.

रामनगरशी गाठ अंतिम सामन्यात पडली. योगेशची आई बायजा संघाबरोबर आली होती. पोरांसाठी तिने भाकऱ्यांची चवड आणली होती आणि रेषेबाहेर उभी राहून ती मोठमोठ्याने ओरडत होती. योगेश पहिल्या चढाईलाच गुरुदाससमोर येऊन थांबला आणि दम न सोडता, 'कबड्डी कबड्डी' म्हणतच, स्वतःच्या समोरच्या दातावर बोट वाजवून दाखवलं. रामनगरची पोरं खिदळली.

गुरुदास जागचा हलला नाही. त्याने घाई केली नाही. पाच चढाया त्याने जाऊ दिल्या. सहाव्या चढाईला योगेश खोलवर आला, डाव्या कोपऱ्यातल्या परशुरामला शिवला आणि मध्यरेषेकडे झेपावला. त्याचं डोकं कमरेइतक्या उंचीवर आलं. गुरुदासने पाठीवर उडी घेतली. पकडीसाठी डावा हात गळ्याखाली गेला, आणि उजवं कोपर दोन वर्षांच्या सवयीने, नेमकं, जबड्यावर बसलं.

धूळ खाली बसली तेव्हा योगेश गुडघ्यांवर होता आणि ओंजळ तोंडाशी होती. बोटांमधून रक्त गळत होतं. पंचाने जोरात शिट्टी वाजवली, धावत आला, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आदळले एकमेकांवर. पाणी आणा."

गुरुदासच्या उजव्या पायाशी दात पडला होता. वरचा, समोरचा, सबंध. त्याने लगोरीचा दगड उचलावा तितक्या सहज तो उचलला आणि मूठ मिटली. मग गुण मांडायच्या टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

कोपर मारून झाल्यावर काय करायचं, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. आता ते आपोआप समोर आलं आणि त्याच्या साधेपणाने तो स्वतःच चकित झाला. त्याला काहीच करायचं नव्हतं. या मैदानावर दूध, तास आणि दांडेली या तीन गोष्टी एकत्र ठाऊक असलेला तो एकटा माणूस होता. त्याने तोंड उघडलं नाही की झालं. चार दिवसांनी, सूज उतरेना म्हणून, योगेश दांडेलीला जाईल. डॉक्टर विचारतील, दात कुठं आहे?

"दात पडला गं बाई माज्या लेकराचा!" बायजा रेषा ओलांडून आत आली. "कुटं पडला? हुडका की रं! उबं काय ऱ्हायलाय?"

"मावशे, घावंल. मातीतच असंल," रामनगरचा कप्तान अर्जुन म्हणाला. "योगेश, तोंड उगड बगू."

"उगडू कसं? फाटलंय सगळं," योगेश तोंडावर फडक्याचा बोळा दाबून धरत बोलला. प्रत्येक शब्दातून वारा गेला. तो आवाज गुरुदासने ओळखला. नदीवर स्वतःच्या तोंडून त्याने तोच ऐकला होता.

दोन्ही संघांची पोरं ओणवी होऊन माती चाळू लागली. गुरुदासही ओणवा झाला. डाव्या हाताने त्याने ढेकळं उलटी केली, एक खडा उचलून बायजाला दाखवला आणि "न्हाई, दगड हाय ह्यो," असं म्हणून टाकून दिला. उजवी मूठ त्याने मांडीशी धरली होती. दाताचं टोक तळव्याला टोचत होतं. ते टोचणं त्याला आवडलं.

"तू चांगला हाईस रे पोरा," बायजा म्हणाली. "तुजा बी असाच गेलाय न्हवं? आमचं पोर म्हनलं हुतं."

"काय म्हनलं हुतं?"

"खेळात लागलं म्हनून."

गुरुदासने योगेशकडे पाहिलं. योगेशने नजर चुकवली. घड्याळात चार सोळा झाले होते. मुठीतला ओलसरपणा आटत चालला होता, दात गरम आणि कोरडा लागत होता. आणखी थोडा वेळ, आणि मग दात सापडला तरी काही बिघडणार नाही. तो स्वतःच बायजाच्या हातात देईल. ती तो देव्हाऱ्यात ठेवो नाहीतर गळ्यात बांधो.

चार एकवीसला फुला पाराच्या पायऱ्या उतरून आली. तिच्या डाव्या हातात शेणाचा गोळा होता आणि त्याला अंगठ्याने पाडलेली खोबण होती.

"बायजाबाय, रडू नगंस. पोरगं हातीपायी धड हाय न्हवं?" असं म्हणत ती सरळ गुरुदाससमोर येऊन उभी राहिली. "दी."

"काय?"

"मुठीत हाय ते."

आजूबाजूची पोरं थांबली. गुरुदासने हळूहळू मूठ उघडली. "आत्ताच घावला," तो म्हणाला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बायजा पुढे आली, पण फुलाने आधीच दात उचलला होता. "थांब, म्या टाकते कौलावर. नव्या दातागत चांगलं हुईल समदं. आमच्यात असंच टाकत्यात," ती समजुतीने सांगू लागली. बायजा मान हलवत होती. त्यांच्याकडेही तसंच टाकत.

हे त्याच्या कल्पनेपेक्षाही पुरतं जुळून आलं होतं. तेच मैदान, तीच कौलं, तोच हात. त्याला एक शब्दही उच्चारावा लागला नसता. फुलाने दात खोबणीशी नेला.

आणि त्याच क्षणी त्याला पुढचं दिसलं. दांडेलीच्या त्या खुर्चीत योगेश बसला आहे. डॉक्टर म्हणतात, कोणी टाकला? योगेश काही गुरुदास नव्हता. तो गप्प बसणार नव्हता. तो जीपमधून परत येईल, चारचौघांत उभा राहील आणि सांगेल की दात बसला असता, त्या फुलाबाईने शेणात घालून वाया घालवला. मग कुणीतरी मागचं जोडेल. स्वतःच्या लेकाचाही तिनेच टाकला होता म्हणे. दोन वर्षं जे एक नाव त्याने ओठांमागे दाबून धरलं होतं, ते रामनगरच्या बाजारात बोललं जाईल.

"आये, टाकू नगो!"

तो इतक्या जोरात ओरडला की पंचही वळला. गुरुदासने तिचं मनगट धरलं होतं. "शेण लावू नगो त्याला. पांढऱ्या अंगानं धर. मुळाला बोट लावू नगो. म्हादूअण्णा! थंड दूध हाय काय? तापवलेलं नगो, पाकिटातलं!"

"बर्फाच्या पेटीत हाय," म्हादू टपरीतून ओरडला. "किती पायजे?"

"पेलाभर. बेगी!"

पेला आला. गुरुदासने दात चिमटीत, पांढऱ्या बाजूने धरला आणि दुधात सोडला. तो तळाशी गेला. चार पंचवीस झाले होते.

"ह्ये काय करतोस?" अर्जुनने विचारलं.

"दांडेलीला न्ह्यायचं. पाच वाजून धा मिनटांच्या आत. डाक्तरीण परत बसवती. जीप काढ. म्या फोन करतो, आयतवार हाय, दवाखान्यामागंच ऱ्हाती ती."

अर्जुन धावला. योगेशला दोघांनी उचलून नेलं. धावपळीत गुरुदासने एकदाच मागे पाहिलं. फुला जागच्या जागी उभी होती. शेणाचा रिकामा गोळा अजून तिच्या हातात होता आणि ती शाळेच्या कौलांकडे पाहत होती.

जीपमध्ये पेला गुरुदासने धरला, कारण बायजा लेकाला सावरून बसली होती. वळणावळणाच्या रस्त्यावर दूध हिंदकळत होतं. तो दोन्ही तळव्यांनी पेला झाकून बसला होता, आणि समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, योगेश.

"देवावानी धावलास रे बाबा," त्याच्या खांद्याला हात लावत बायजा म्हणाली.

योगेशने तोंडातला बोळा काढला. "मुद्दाम मारलाय ह्यानं, आई."

"गप ऱ्हा. खेळात लागतंय."

"मुद्दाम मारलाय."

"व्हय," गुरुदास म्हणाला. "मुद्दामच मारलाय. पर म्या शिट्टीच्या आदी मारला. तू शिट्टीच्या मागनं मारला हुतास."

अर्जुनने आरशात मागे पाहिलं. बायजाने लेकाकडे पाहिलं. "कौलावर टाक म्हनला हुता त्यो मला," गुरुदास पुढे म्हणाला. "कुणब्याला नवा येतोय म्हनला. हसला हुतास न्हवं, अर्जुन, तू बी?"

अर्जुनने आरशातली नजर रस्त्यावर नेली. योगेशने बोळा परत तोंडात घातला.

गुरुदासला वाटलं होतं तितकं हलकं वाटलं नाही. हातातल्या पेल्यात तळाशी तो दात होता आणि दर खड्ड्याला गुरुदास, स्वतःच्याही नकळत, पेला वर उचलून धरत होता.

डॉक्टर सुमंगला दार उघडून उभ्या होत्या. पाच आठ झाले होते. त्यांनी पेला दिव्याखाली धरला, चिमट्याने दात वर उचलला आणि खाऱ्या पाण्याची धार सोडली. "चांगलं आणलंय. कोण शिकवलं? अरे, तूच काय?" त्यांनी गुरुदासला ओळखलं. मग योगेशला खुर्चीत बसवून, हिरडी बधिर करायची सुई भरता भरता, त्यांनी विचारलं, "पडला कधी?"

"चार धाला."

"दुधात कधी घातलं?"

"चार पंचविसला."

"मधली पंधरा मिनिटं कुठं होता? मातीत?"

बायजा पुढे झाली. "मातीतच हुता, हुडकत हुतो सगळी. ह्या पोरालाच घावला शेवटी."

उत्तर तयार होतं, आणि ते बायजाने स्वतःच्या हाताने त्याला दिलं होतं. गुरुदासने खुर्चीतल्या योगेशकडे पाहिलं. योगेशचे डोळे छताकडे होते, तोंड उघडं होतं, वरच्या ओळीत ती ओळखीची खिडकी होती. डॉक्टर वहीत लिहायला थांबल्या होत्या. हे त्या कशासाठी विचारतात, ते त्याला ठाऊक होतं. दात किती वाचला असेल, पुढे काय करायचं, हे त्या आकड्यावर ठरणार होतं.

"मातीत न्हाई," तो म्हणाला. "अकरा मिनटं माज्या मुठीत हुता. कोरडा. उरलेली आयच्या हातात आन् दूध येईस्तवर माज्या."

"सापडला नव्हता?"

"पडल्या पडल्या उचलला हुता म्या."

डॉक्टरांनी लगेच काही लिहिलं नाही. "तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. त्यांनी सुई उचलली आणि कामाला लागल्या.

दात जागेवर बसला तेव्हा बारीक आवाज झाला. शेजारच्या दातांना बारीक तार चिकटवून तो बांधला गेला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. दोन आठवडे तार राहील, त्याच्या आत परत यायचं आणि मुळाची नस काढून घ्यायची, तोवर चावायचं नाही, पेज आणि मऊ भात, असं डॉक्टरांनी बायजाला दोनदा सांगितलं.

"जगंल न्हवं?" बायजाने विचारलं.

"आज सांगता येत नाही. दर महिन्याला बघायचं. रंग काळा पडतो काय, हलतो काय. वर्षभरानं कळेल."

वर्षभर. रोज सकाळी योगेश आरशापुढे उभा राहून ओठ वर करील आणि रंग पाहील, हे गुरुदासला दिसलं. दोन वर्षांपूर्वी कुणी त्याला हे देऊ केलं असतं तर त्याने आनंदाने घेतलं असतं.

बाहेर पडताना बायजा त्याच्यासमोर थांबली. जीपमध्ये ज्या हाताने तिने त्याच्या खांद्याला स्पर्श केला होता, तो तिने आता पदरात घेतला होता. "अकरा मिनटं माज्यासंगं माती चाळत हुतास," ती म्हणाली. "खडा दाखवलास मला." एवढंच बोलून ती जीपकडे गेली. योगेशला बोलता येत नव्हतं. तो नुसता पाहत होता. त्या पाहण्यात काय आहे ते गुरुदासला समजावून सांगायची गरज नव्हती. रामनगरलाही भाताची पोती आहेत.

दिवस मावळायच्या सुमारास अर्जुनने त्याला गणेशगुडीच्या थांब्यावर सोडलं. टेम्पो निघून गेला होता. फुला मात्र रिकामी टोपली शेजारी ठेवून बाकावर बसली होती. कुंभारवाड्याची शेवटची बस यायची होती.

"बसला?" तिने विचारलं.

"बसला."

"दुदात घालून न्हेला म्हनून?"

"व्हय."

तिने टोपली जवळ ओढली. "तू उचललास तवाच म्या बघितलं. पारावरनं समदं दिसतंय. दील, दील म्हनून वाट बघितली. तू काय देईनास. म्हनून शेण घिऊन आले. चारचौघांत चोर ठरू नये म्हनून."

गुरुदास तिच्या शेजारी बसला. पुढचा प्रश्न कोणता येणार हे त्याला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर त्याने दोन वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलं होतं.

"मग तुजा बी बसला असता?"

"माजा मोडका हुता, आये. अर्दाच हुता. त्यो काय बसत न्हवता."

"सबंद हुता," फुला म्हणाली. "म्या धरला हुता न्हवं हातात. मूळ हुतं त्याला. एवडं." तिने अंगठा आणि बोट यांत अंतर दाखवलं आणि ते तसंच धरून ठेवलं. "डाक्तरणीनं तुला तवाच सांगितलं. चवत्या दिसाला. हिरडी बरी हुईल म्हनून सांगितलंस मला."

त्याने तिच्या बोटांमधल्या अंतराकडे पाहिलं.

"आन् मग पोत्यावर मारत बसलास. त्या पोराच्या वाट्याचं बी आन् माज्या वाट्याचं बी." तिने बोटं मिटली. "मला म्हनायचं हुतंस रे. म्या काय मेले नसते."

रस्त्याच्या वळणावर बसचा आवाज आला. फुलाने कनवटीची डबी काढून त्याच्या हातात दिली आणि उठून टोपली डोक्यावर घेतली.

"बुदवारी म्या रामनगरला जाते. त्याला पेजंला लाल तांदळाची कणी न्हेते."

"कशाला? बायजा दारात उबी करायची न्हाई."

"न करंना. दारात ठिवून यीन." ती बसच्या दिशेने दोन पावलं गेली आणि वळली. "राग हाय काय अजून त्याच्यावर?"

गुरुदासने डबी उघडली, पट्टी काढली आणि दात बसवला. मगच त्याला उत्तर नीट देता आलं.

"हाय."

"असू दी," फुला म्हणाली. "हात कर, न्हाईतर बस थांबायची न्हाई."

त्याने बसला हात केला.